चिमट्यावरचा गंज : तळहातांच्या अतिघामाचे एक प्रकरण

पहिल्या भेटीत त्या तरुणाने खुर्चीवर बसण्याआधीच रुमालात गुंडाळलेला एक पोलादी चिमटा टेबलावर ठेवला. चिमट्याची टोके लखलखीत होती. पण जिथे अंगठा आणि तर्जनी टेकतात तिथे दोन्ही पात्यांवर गंजाचा एकेक लांबट डाग पडला होता आणि त्या डागात बोटाच्या ठशाच्या रेषासुद्धा ओळखू येत होत्या. "हा तिसरा, डॉक्टर. तीन महिन्यांपूर्वी नवाकोरा होता," असे तो म्हणाला. तो २३ वर्षांचा होता, मनगटी घड्याळांची दुरुस्ती शिकत होता आणि हे शिक्षण अर्धवट सोडावे की काय, या विचारापर्यंत येऊन ठेपला होता.

अशा रुग्णांमध्ये वारंवार आढळणाऱ्या गोष्टी एकत्र गुंफून हे प्रकरण मांडले आहे, त्यामुळे यातला तरुण म्हणजे कोणी एक ओळखीची व्यक्ती नव्हे. मांडण्याचे कारण एवढेच की, अतिघामावरच्या उपचारांची यादी कोणत्याही पाठ्यपुस्तकात एका पानात मावते. पण त्या यादीतले काय कोणाला मानवेल, हे त्या माणसाचे हात दिवसभर काय करतात यावर ठरते, आणि पाठ्यपुस्तक त्या बाबतीत गप्प असते.

तक्रार आणि पूर्वेतिहास

तळहातांना पाणी सुटण्याचा हा त्रास त्याला बाराव्या-तेराव्या वर्षापासून होता. शाळेत उत्तरपत्रिका भिजू नये म्हणून तो मनगटाखाली रुमाल ठेवून लिहीत असे. पुढे मोबाइलच्या पडद्याला त्याचे बोट कळेनासे झाले, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र त्याला चार-चार वेळा परत पाठवू लागले, आणि कोणी हात मिळवायला पुढे आले की तो हातात काहीतरी सामान असल्याचा बहाणा करू लागला. घड्याळांच्या कामात मात्र बहाणा चालण्यासारखा नव्हता. प्रशिक्षकाने सुचवल्याप्रमाणे त्याने बोटांच्या टोकांवर रबरी टोप्या चढवून पाहिल्या. दहा मिनिटांत त्यांच्या आत घाम साचून त्या बोटावरून गरगर फिरू लागल्या. घामात मीठ असते आणि मिठातले क्लोराइड पोलादावरचा संरक्षक थर भेदते, त्यामुळे त्याने हाताळलेल्या बारीक चाकांवर आणि स्क्रूंवरही काही दिवसांनी डाग उमटत. दुरुस्त करून दिलेले घड्याळ महिन्याभराने परत येते, याहून वाईट शेरा त्या धंद्यात दुसरा नसावा.

याआधी तो दोन ठिकाणी दाखवून आला होता. एका ठिकाणी 'मनाला फार लावून घेता' असे सांगून चिंता कमी करणाऱ्या गोळ्या मिळाल्या. त्यांनी झोप भरपूर आली, हात ओलेच राहिले. दुसऱ्या ठिकाणी अॅल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण लिहून दिले गेले. ते पाचव्या दिवशी त्याने फेकून दिले, कारण लावल्याबरोबर हातांची आग होत असे आणि फरक काहीच नव्हता. कधी लावत होता, असे विचारल्यावर तो म्हणाला, "सकाळी, कामाला बसायच्या आधी. हात स्वच्छ धुऊन." त्या उत्तरात अपयशाचे सारे कारण होते, त्याकडे पुढे येईन.

वैद्यकीय प्रश्न विचारताना तीन उत्तरे माझ्या दृष्टीने निर्णायक ठरली. झोपेत हात कोरडे असतात का, हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हते. पण लहानपणी आईनेच ते पाहून त्याला सांगितले होते की, जागेपणी ओलेचिंब असणारे त्याचे हात झोपेत अगदी कोरडे असतात. घाम दोन्ही हातांना सारखाच येत होता. आणि आईच्या तळहातांनाही घाम येत असे, फक्त तिने त्याबद्दल कधी कोणाकडे तक्रार केली नव्हती.

घाम येतो कसा

माणसाच्या त्वचेत साधारण २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात आणि त्यांची सर्वांत दाट वस्ती तळहात व तळपायांवर असते. या ग्रंथींना आज्ञा मिळते ती अनुकंपी मज्जासंस्थेकडून, म्हणजे संकटाच्या वेळी शरीराला लढण्या-पळण्यासाठी सज्ज करणाऱ्या यंत्रणेकडून. अंगभर येणाऱ्या घामाची आज्ञा मुख्यतः तापमान वाढल्यावर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून निघते. तळहात-तळपायांच्या ग्रंथी मात्र भावनिक उद्दीपनाला अधिक दाद देतात. तिथला किंचित ओलावा वस्तूवरची पकड सुधारतो, त्यामुळे ही योजना मुळात सोयीचीच आहे. बोटाला थुंकी लावून पाने उलटणारा माणूस नकळत तेच करत असतो.

तळहातांच्या अतिघामाच्या या प्रकारात, ज्याला प्राथमिक अतिघाम म्हणतात, ग्रंथींची संख्या जास्त नसते आणि त्यांची रचनाही बिघडलेली नसते. नळ चांगला असतो. तो उघडण्याची आज्ञा गरजेपेक्षा जास्त वेळा आणि जास्त जोराने येत राहते. झोपेत भावनिक उद्दीपन शांत झाले की हात कोरडे पडतात, हा त्याचाच पुरावा. म्हणूनच 'झोपेत काय होते' हा साधा प्रश्न मला कित्येक रक्तचाचण्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

आणखी एक बारकावा पुढच्या उपचारांसाठी लक्षात ठेवावा लागतो. अनुकंपी मज्जातंतू इतरत्र बहुतेक ठिकाणी नॉरअॅड्रिनॅलिन हे रसायन वापरतात, पण घर्मग्रंथींपाशी ते अॅसिटिलकोलीन वापरतात. लाळग्रंथी, आतडी, मूत्राशय आणि जवळचे पाहण्यासाठी डोळ्यातले भिंग आवळणारा स्नायू यांनाही अॅसिटिलकोलीनच लागते. त्यामुळे गोळी देऊन घाम अडवायचा म्हटला, तर वाटेत या सगळ्यांचे दार वाजवल्याशिवाय जाता येत नाही.

तपासणी आणि निदान

तळहात गार आणि ओले होते. कोरड्या कापडाने पुसून भिंगाखाली पाहिले तेव्हा बोटांच्या रेषांच्या माथ्यावर, जिथे घर्मग्रंथींची तोंडे असतात तिथे, एक मिनिटही न जाता मोत्यासारखे थेंब ओळीने उभे राहिले आणि मग एकमेकांत मिसळून वाहू लागले. नाडी, वजन, थायरॉइडची जागा, बोटांचा कंप यांत काही गैर आढळले नाही. पायमोजे काढायला तो कचरत होता. तळव्यांवर टाचेपाशी आणि चवड्यांवर बारीक खड्डे पडलेले होते आणि उग्र वास येत होता. सतत ओल्या राहणाऱ्या कातडीवर वाढणारे जिवाणू वरचा थर कुरतडतात तेव्हा असे खड्डे पडतात; पिटेड केराटोलायसिस असे त्याचे नाव. त्याने ही गोष्ट आजवर कोणालाच दाखवली नव्हती. हातांच्या तक्रारीसाठी आलेल्या रुग्णाचे पाय पाहायचेच, हे मी अशाच काही रुग्णांकडून शिकलो.

प्राथमिक अतिघामाच्या निदानासाठी जगभर वापरले जाणारे निकष फारसे गुंतागुंतीचे नाहीत. विशिष्ट भागावर, उघड कारणाशिवाय, किमान ६ महिने दिसण्याजोगा जास्त घाम येत असावा. आणि दोन्ही बाजूंना सारखा येणे, रोजच्या कामात अडथळा, आठवड्यातून किमान एकदा तरी प्रसंग, २५ वर्षांच्या आत सुरुवात, कुटुंबात कोणाला तरी त्रास असणे आणि झोपेत घाम थांबणे, यांपैकी किमान दोन गोष्टी जुळाव्यात. या तरुणाच्या बाबतीत सहाच्या सहा जुळत होत्या. म्हणून मी रक्ताची एकही चाचणी सांगितली नाही, आणि त्याच्या चेहऱ्यावर किंचित निराशा दिसली, कारण तपासणी नाही म्हणजे डॉक्टरांनी गांभीर्याने घेतले नाही, असा बहुतेकांचा समज असतो.

चित्र वेगळे असते तर मीही वेगळा वागलो असतो. तिशी-चाळिशीत अचानक सुरू झालेला, अंगभर येणारा, झोपेत अंथरूण भिजवणारा किंवा शरीराच्या एकाच बाजूला येणारा घाम हा बहुधा दुसऱ्या कशाचा तरी निरोप असतो. थायरॉइडचा अतिस्राव, मधुमेहाच्या औषधांनी एकदम उतरलेली साखर, क्षयरोग, लिंफोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग), रजोनिवृत्ती, क्वचित मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीची गाठ अशी कारणे तिथे शोधावी लागतात. नैराश्यावरची काही औषधे आणि अफूवर्गीय वेदनाशामकेही घाम वाढवतात, त्यामुळे चालू औषधांची चौकशी कधीच टाळू नये.

घामाचा नकाशा त्याला स्वतःला दिसावा म्हणून आम्ही स्टार्च-आयोडीन चाचणी केली. तळहातावर आयोडीनचे द्रावण लावून ते वाळू दिले आणि वर स्टार्चची भुकटी भुरभुरली. घाम जिथे जिथे फुटतो तिथे या दोघांचा संयोग होऊन निळसर काळा रंग उमटतो. आधी बोटांची टोके ठिपक्यांनी भरली, मग तळहाताची कड, आणि पाहता पाहता मधली कोरडी बेटेही बुडाली. खोली गार होती आणि तो शांत बसला होता. "म्हणजे मी घाबरलेलो नसतानाही येतो," असे तो हाताकडे पाहत सावकाश म्हणाला. दहा वर्षे लोकांनी त्याला उलटे सांगितले होते. घाबरल्यामुळे घाम वाढतो हे खरेच आहे. पण त्याच्या बाबतीत बहुतेक वेळा आधी हात ओले होत, ते कोणाच्या लक्षात येईल या धास्तीने मन धडधडू लागे आणि त्या धडधडीने घामाला आणखी जोर चढे.

त्रासाची तीव्रता मोजण्यासाठी चार पायऱ्यांची एक मोजपट्टी वापरतात. घाम जाणवतच नाही आणि कधी आड येत नाही, ही पहिली पायरी. घाम असह्य आहे आणि रोजच्या कामात नेहमीच आड येतो, ही चौथी. त्याने विचार न करता चौथीवर बोट ठेवले.

उपचारांची निवड

त्याची पहिली मागणी शस्त्रक्रियेची होती. ती मी धुडकावली नाही, कारण तळहातांच्या घामावर इतका तडकाफडकी आणि इतका खात्रीचा परिणाम देणारा दुसरा उपाय नाही. पूर्ण भूल देऊन, छातीच्या बाजूला छोटी छिद्रे पाडून, दुर्बिणीतून बरगड्यांलगतची अनुकंपी मज्जातंतूंची साखळी ठरावीक जागी कापतात किंवा क्लिपने दाबतात. हात बहुधा लगेच कोरडे होतात. पण त्यानंतर पुष्कळ रुग्णांमध्ये पाठ, पोट आणि मांड्यांवर पूर्वी नव्हता इतका घाम सुरू होतो. त्याला भरपाईचा घाम म्हणतात. काहींमध्ये तो एवढा वाढतो की, दिवसातून अनेकदा कपडे बदलावे लागतात आणि शस्त्रक्रिया केल्याचा पश्चात्ताप होतो. तो परतवण्याचा खात्रीचा मार्ग नाही. छातीत हवा अडकणे किंवा पापणी खाली झुकणे हे धोके क्वचित, पण आहेत. पायांच्या घामाचा तर त्यातून भरवसा देता येत नाही. हे सर्व ऐकून त्याने विचारले, "म्हणजे हे दार बंद?" मी म्हटले, बंद नाही, पण इतर सगळी दारे ठोठावून झाल्यावरच ते उघडायचे, कारण आत गेल्यावर माघारी फिरता येत नाही.

सुरुवात आम्ही त्याच फेकून दिलेल्या द्रावणापासून केली. अॅल्युमिनियमचे क्षार घर्मनलिकेच्या तोंडाशी जाऊन तिथे बूच तयार करतात. वाहत्या नळीत बूच बसत नाही. म्हणून द्रावण रात्री झोपताना, घाम थांबलेला असताना, पूर्ण कोरड्या कातडीवर लावून सकाळी धुऊन टाकायचे असते. ओल्या हातांवर लावले तर पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते आणि हातांची आग होते. तो नेमके तेच करत होता: हात धुऊन, सकाळी, घामाच्या ऐन वेळी. २० टक्क्यांचे द्रावण, हात केस वाळवायच्या यंत्राच्या गार झोताने कोरडे करून, रोज रात्री लावायला सांगितले. तळव्यांसाठीही तेच, आणि खड्ड्यांसाठी क्लिंडामायसिनचे द्रावण.

चार आठवड्यांनी पायांचे खड्डे बुजले होते आणि वास गेला होता. हातांनी चौथ्या पायरीवरून तिसरीपर्यंत मजल मारली आणि ते तिथेच अडकले. तळहाताची जाड कातडी या औषधाला काखेइतकी दाद देत नाही, हे अपेक्षितच होते. शिवाय तर्जनीच्या पेरावर बारीक चिरा पडल्या होत्या आणि चिरा पडलेल्या बोटाने केसाएवढी स्प्रिंग उचलता येत नाही. हातांवरचा वापर आठवड्यातून एकदावर आणला.

मग गोळीचा विचार आला. काचबिंदू, लघवीला अडथळा आणि मायस्थेनिया (स्नायू लवकर थकवणारा आजार) यांची विचारपूस करून अॅसिटिलकोलीनचे काम अडवणारे ऑक्सिब्युटिनिन २.५ मिलिग्रॅम रात्री एकदा आणि आठवड्याने दोन वेळा असे दिले. कडक उन्हात श्रमाचे काम करू नये, कारण ज्या घामाने शरीर थंड होते तोही कमी होतो आणि उष्माघात होऊ शकतो, हेही सांगितले. दहाव्या दिवशी त्याचा फोन आला. हात खरोखरच कोरडे होते. तोंडाला कोरड पडली होती, पण तिची त्याला फिकीर नव्हती. मात्र भिंगातून पाहताना स्क्रूच्या डोक्यावरची खाच त्याला स्पष्ट दिसत नव्हती. जवळचे पाहण्यासाठी आवळला जाणारा डोळ्यातला स्नायू औषधाने सैलावला होता. कार्यालयात बसणाऱ्या कोणाला हा दुष्परिणाम कदाचित जाणवलाही नसता. ग्लायकोपायरोलेट ही दुसरी गोळी मेंदूत फारशी शिरत नाही म्हणून काहींना अधिक मानवते, पण डोळ्यांचा धोका तिच्यातही उरतो. तो म्हणाला, "डोळाच अधू झाला तर कोरडे हात घेऊन काय करू?" गोळ्या थांबवल्या आणि आठवड्याच्या आत नजर पूर्ववत झाली.

बोट्युलिनम टॉक्सिनच्या (बोटॉक्सच्या) इंजेक्शनांचा पर्याय आम्ही चर्चेतच बाद केला. काखेच्या घामावर हा उत्तम उपाय आहे. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये त्यासाठीच मान्यता मिळाली, आणि परिणाम कित्येक महिने टिकतो. तळहातावर मात्र कितीतरी टोचण्या लागतात, त्या फार दुखतात, आणि औषध खालच्या लहान स्नायूंपर्यंत झिरपले तर अंगठा-तर्जनीची चिमूट काही आठवडे दुबळी होते. हा तर चिमटीवर पोट असणारा माणूस.

उरला तो आयन्टोफोरेसिसचा मार्ग, ज्याची गोष्ट ऐकून बहुतेक रुग्ण आधी हसतात आणि मग दचकतात. दोन उथळ भांड्यांत साधे पाणी, प्रत्येकात एक धातूची पट्टी, वर जाळी, आणि दोन्हींत एकेक हात ठेवून त्यातून सौम्य विद्युतप्रवाह सोडायचा. घाम नेमका कशाने कमी होतो, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही, परंतु तळहात-तळपायांवर हा उपाय गुण देतो हे अनेक दशकांच्या अनुभवातून दिसले आहे. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी, गर्भवती स्त्रियांनी, अपस्मार असलेल्यांनी आणि प्रवाहाच्या वाटेत धातूचे रोपण असलेल्यांनी तो करू नये.

अंगठी-घड्याळ काढून, पेरावरच्या चिरांवर पेट्रोलियम जेली लावून, १५ मिलिअँपिअरपर्यंत हळूहळू प्रवाह वाढवत एका दिवसाआड २० मिनिटे आणि मध्यावर प्रवाहाची दिशा उलट, असे सत्र ठरले. पहिल्याच दिवशी नाक खाजले म्हणून त्याने हात एकदम वर उचलला आणि चांगलाच झटका खाल्ला. धोका काही नव्हता, पण प्रवाह शून्यावर आणल्याशिवाय हात काढायचा नाही, हा नियम त्यानंतर त्याला पुन्हा सांगावा लागला नाही. पाचव्या सत्रानंतर काहीच फरक नाही म्हणून तो सोडून देणार होता. बरेच जण इथेच सोडतात, आणि उपाय बदनाम होतो. आठव्या सत्रानंतर त्याला जाणवले की, दुपारपर्यंत त्याने रुमालाला हात लावलेला नाही. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस तो दुसऱ्या पायरीवर होता: घाम सहन होण्याजोगा, कधीमधी आड येणारा. पुन्हा केलेल्या स्टार्च-आयोडीन चाचणीत बोटांच्या टोकांवर तुरळक ठिपके आले आणि तळहाताचा मध्य फिकाच राहिला.

त्यानंतर

त्याने घरी वापरायचे यंत्र घेतले आणि दर दहा दिवसांनी एक सत्र असा क्रम लावला. एकदा परगावी गेल्यामुळे तीन आठवड्यांचा खंड पडला, तेव्हा घाम परत आला आणि तो घाबरून भेटायला आला. एका दिवसाआडची चार सत्रे करताच गाडी रुळावर आली. हा आजार मुळातून बरा झालेला नाही, आटोक्यात ठेवला आहे, हे त्याला या खंडामुळे माझ्या सांगण्यापेक्षा अधिक पटले. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी हात ओले झालेच, आणि त्याने परीक्षकाला आधीच तसे सांगून टाकले. शस्त्रक्रियेचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही. नव्या चिमट्यावर, आठ महिन्यांनीही, फक्त एका पात्यावर पुसट तपकिरी छटा आहे.

शेवटच्या भेटीला तो आईला घेऊन आला. वास्तविक त्याच्या तपासणीशी तिचा काही संबंध नव्हता. मुलाचे बोलून झाल्यावर, हात पिशवीखाली झाकून बसलेल्या त्या बाईंनी विचारले, या वयात त्यांच्यासाठीही काही करता येईल का. त्यांना काचबिंदू होता, म्हणजे गोळ्यांचा प्रश्नच मिटला; त्वचा नाजूक, म्हणून द्रावणाचाही फार आग्रह धरता येणार नव्हता. पाण्याची दोन भांडी मात्र घरात होतीच. त्यांच्या नावाचा केसपेपर काढला आणि त्रास कधी सुरू झाला, असे विचारले. त्या थोडा वेळ मुलाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून." रकान्यात मी तसेच लिहिले.